ग्रंथालयाची खोली संगणकांना द्यायची का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी नाशिकरोडच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी आणि भूगोल शिकवते. पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, पट ६२०. आमचे अर्धवेळ ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही आणि जूनपासून कार्यभार माझ्याकडे आला. दाखल नोंदवहीत (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकानुसार नोंद असते ती वही) ३,४०० पुस्तकं आहेत, अकरा लोखंडी कपाटं आहेत आणि सगळ्यांना कुलूप आहे. हरवलेलं पुस्तक माझ्या नावावर पडेल या धास्तीनं मी देवघेव जवळपास थांबवली आहे. मुख्याध्यापक म्हणतात, सगळी माहिती मोबाइलवर मिळते, ही खोली रिकामी करून ‘डिजिटल लायब्ररी’ करू. माजी विद्यार्थ्यांनी ४०,००० रुपये दिलेत, दहा जुने संगणक आहेत. मुलं प्रकल्प म्हणून गुगलवरचे उतारे उतरवून आणतात. काय करू? — एक शिक्षिका

ताई,

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत: खोलीचं काय, हरवलेल्या पुस्तकांचं काय आणि उतरवून आणलेल्या प्रकल्पांचं काय. आम्ही शेवटच्यापासून सुरू करतो, कारण खोली ठेवायची की नाही हे त्यावरच ठरतं.

मुख्याध्यापक सरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारू नका. शाळेच्या ग्रंथालयाचं जुनं काम माहिती पुरवण्याचं होतं. घरात पुस्तक नाही, वर्तमानपत्र येत नाही, म्हणून मूल कपाटापाशी यायचं. ते काम आता मोबाइल करतो. पण त्यानं अडचण संपली नाही, उलटी झाली. नववीतल्या मुलीनं आपल्या जिल्ह्यातल्या पक्षी अभयारण्याचं नाव, ‘नांदूरमध्यमेश्वर’, टाइप केलं की डझनभर पानं उघडतात. त्यातलं कुठलं ताजं, कुठलं शिळं, कुठलं एकानं दुसऱ्याचं बघून टाकलेलं, हे तिला ओळखता येत नाही. ते ओळखायला शिकवणं हे आज शाळेच्या ग्रंथालयाचं पहिलं काम आहे. नुसत्या संगणकांच्या खोलीत ते होत नाही, कारण पडद्यावरचं पडद्यावरच ताडून पाहिलं तर बहुतेक वेळा तोच मजकूर चार ठिकाणी भेटतो आणि मुलाला वाटतं, चार जण सांगतात म्हणजे खरं. शेजारी छापील पुस्तक लागतं, नकाशा लागतो, तारीख असलेलं कात्रण लागतं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: खोली रिकामी करू नका. दहातले दोन चांगले चालणारे संगणक त्या खोलीत आणा, बाकीचे आहेत तिथे राहू द्या.

आता उतरवण्याबद्दल. ‘गोदावरी नदीची माहिती लिहा’ असा विषय दिला तर मूल उतरवणारच. त्या विषयावर दुसरं काही करताच येत नाही. हाच विषय असा विचारून बघा: ‘२००८, २०१६ आणि २०१९ या तीन पुरांत गोदाकाठी पाणी कुठपर्यंत चढलं? सगळ्यांत मोठा पूर कोणता आणि हे तुम्ही कशावरून म्हणता?’ याचं तयार उत्तर एका पानावर सापडत नाही, स्टेशनरीच्या दुकानातल्या तयार चित्रपट्टीवर तर नाहीच. ‘कशावरून म्हणता’ हे दोन शब्द प्रत्येक प्रकल्पाच्या विषयात घाला.

आठवी-नववीला हे चार तासिकांत बसतं. पहिल्या तासिकेत फक्त प्रश्न फोडायचा. नाशिकच्या मुलांना गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती माहीत असते. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असं पावसाळ्यात घरोघर बोललं जातं. फळ्यावर मूर्तीचं साधं रेखाचित्र काढा आणि विचारा, हे माप म्हणून कितपत चालेल? कुणीतरी म्हणतंच की कंबर म्हणजे किती फूट ते कळायला हवं. दुसरं कुणी म्हणतं, पण निदान प्रत्येक पुराला मारुती तोच असतो, त्यामुळे तुलना करता येते. दोन्ही मुद्दे बरोबर आहेत आणि दोन्ही मुलांकडून आले पाहिजेत. तुम्ही सांगून टाकू नका.

दुसऱ्या तासिकेत शोध. पन्नास मुलांचे दहा गट, पाच साधनं, प्रत्येक साधनावर दोन गट: पुराच्या बातम्यांची कात्रणं, पाठ्यपुस्तक आणि नकाशा, विश्वकोश आणि इतर संदर्भग्रंथ, संगणक, आणि घरातल्या किंवा सराफ बाजार, भांडी बाजार भागातल्या मोठ्या माणसांना विचारून आणलेली माहिती. शेवटच्या गटांना हे काम आदल्या आठवड्यात द्या. साधनं तुम्हीच वाटून द्या. मुलांवर सोडलंत तर पन्नासच्या पन्नास मुलं दोन संगणकांभोवती गोळा होतात आणि तासिका वाया जाते. प्रत्येक गटाकडे एक शोधपत्रिका, त्यात पाच रकाने: आमचा प्रश्न, कुठे सापडलं (पुस्तकाचं नाव आणि पान, किंवा संकेतस्थळाचं नाव आणि पाहिल्याची तारीख), ते काय सांगतं, दुसरं कोण तेच किंवा वेगळं सांगतं, आमच्या शब्दांत. दुसऱ्या रकान्यात हमखास ‘गुगल’ असं लिहून येतं. ते परत द्या. गुगलनं पत्ता दाखवला. राहतं कोण, ते लिहायचं.

तिसरी तासिका सगळ्यांत मोलाची, ती घाईत उरकू नका. इथे गट आपापले आकडे फळ्यावर मांडतात आणि ते जुळत नाहीत. एका गटानं गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा आणलेला असतो, दुसऱ्यानं त्याच दिवसाचा होळकर पुलापाशी मोजलेल्या पाण्याचा, आणि दुसरा मोठा असतो. मुलं लगेच म्हणतात, एक चूक आहे. दोन्ही बरोबर असू शकतात: धरण आणि पूल यांच्यामध्ये ओढे-नाले मिळतात, शहरावर पडलेला पाऊसही नदीतच येतो. नकाशावर बोट ठेवून हे मुलांना स्वतः सापडू द्या. क्युसेक म्हणजे काय, तेही इथेच. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २ लाख ८३ हजार लिटर. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर धरला तर दर सेकंदाला अठ्ठावीस टँकर. हे गणित फळ्यावर केलेलं मूल ‘एक लाख क्युसेक सोडलं’ असा व्हॉट्सअॅपवरचा निरोप पुढे ढकलण्याआधी थांबतं.

चौथ्या तासिकेत लेखन, दीडशे ते दोनशे शब्द, चित्रं नसली तरी चालतील. वीस गुण असतील तर प्रश्नाची मांडणी ४, साधनांची नोंद ६, ताडून पाहणं ६, भाषा ४ असे द्या. गुणांची ही विभागणी पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा, नाहीतर पालक मुखपृष्ठावरच्या सजावटीत आठवडा घालवतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरांचंही असंच. मुलं ती वापरणार, बंदी टिकत नाही. एका तासिकेत तुम्ही स्वतः नांदूरमध्यमेश्वरबद्दल प्रश्न विचारा, आलेलं उत्तर फळ्यावर उतरवा आणि त्यातला प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव अधोरेखित करायला सांगा. मग वाटून द्या: हा आकडा तू तपास, हे नाव तू. हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं ठिकाण. पण ते यादीत कधी आलं, यावर कुठे २०१९ मिळतं, कुठे २०२०. कारण यादीतली तारीख जून २०१९ची आहे आणि घोषणा जानेवारी २०२०मध्ये झाली. एवढा एक गुंता सोडवला तरी तासिका सार्थकी लागली. आणखी एक सांगून ठेवा: संदर्भांची यादी मागितली तर ही साधनं अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं देऊ शकतात. पुस्तक हातात घेतल्याशिवाय त्याचं नाव लिहायचं नाही.

या सगळ्याला कात्रणं लागतात, आणि ती उद्यापासून सुरू करता येतात. शाळेत येणाऱ्या वर्तमानपत्रातून आठ-दहा विषय धरा: गोदावरी, पाऊस आणि धरणं, द्राक्ष, कांदा आणि लासलगावचा बाजार, सिंहस्थ, पांडवलेणी, नांदूरमध्यमेश्वर, शहरातली वाहतूक. प्रत्येकाला एक फाइल. कात्रण कापण्याआधी त्यावरच वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक पेननं लिहायचा. कापल्यावर लिहू म्हटलं की राहून जातं, आणि तारखेविना कात्रण म्हणजे रद्दी.

आता तुमची धास्ती. ती खोटी नाही. शिक्षकाच्या पगारातून पुस्तकांची किंमत वळती होण्याची भीती हेच कित्येक शाळांतल्या कुलपांचं खरं कारण आहे. त्यावर उपाय कागदावरचा आहे. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी स्पष्ट तरतूद आहे: वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरावं, त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी करावी, हेही त्यातच आहे. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, तुमच्या संस्थेला थेट लागू होत नाहीत. पण त्यांचा आधार घेऊन शाळा समितीकडून तसाच ठराव करून घ्या. हिशेब बघा: ६२० मुलांनी पंधरा दिवसांना एक पुस्तक नेलं आणि वर्षात तीस आठवडे देवघेव चालली, तर ९,३०० वेळा पुस्तक बाहेर जाईल. त्यावर हजारी पाच म्हणजे सेहेचाळीस पुस्तकं. सरासरी ऐंशी रुपये धरले तर ३,७०० रुपयांच्या आत. ठराव झाल्याशिवाय देवघेव सुरू करू नका, आणि कार्यभार घेताना पडताळणी झाली नसेल तर ती आत्ता, दोन शिक्षकांच्या सह्यांनी करून घ्या. आधीची तूट तुमच्या नावावर राहता कामा नये.

दंड लावू नका. दोन रुपयांचा दंड थकला की मूल ग्रंथालयाकडे फिरकत नाही, आणि ज्यांच्याकडे दोन रुपये नसतात तीच मुलं आधी गळतात. हरवलं तर साधारण तेवढ्याच किमतीचं दुसरं कुठलंही चांगलं पुस्तक आणून द्यावं, तेही पालकांना जमेल तेव्हा.

देवघेव एकट्या तुमच्या टेबलावरून होणार नाही. ६२० मुलं आणि एक बाई हे गणितच बसत नाही. वर्गपेटी करा. नाशिकला पेटी नवी नाही; कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरतात, तेच तत्त्व वर्गात आणायचं. बारा तुकड्या, बारा पेट्या, प्रत्येकीत साठ पुस्तकं, म्हणजे ७२०. पन्नास मुलांना पन्नासच पुस्तकं ठेवली तर शेवटच्या मुलाला निवड उरत नाही, म्हणून दहा जास्त. साठात पंधरा अगदी सोपी, तीस वर्गाच्या आवाक्यातली, दहा जरा चढी आणि पाच मासिकांचे अंक. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवा. सहा आठवड्यांनी पेटी पुढच्या तुकडीत जाते. पाचवी-सहावीच्या चार पेट्या आपसात, सातवी-आठवीच्या आपसात, नववी-दहावीच्या आपसात.

प्रत्येक वर्गात दोन ग्रंथमित्र नेमा, एक मुलगी, एक मुलगा, आणि सत्र बदललं की बदला. नोंदवहीत प्रत्येक मुलाला एक पान: तारीख, दाखल क्रमांक, नाव, परत. आधी सगळी पुस्तकं परत घ्यायची, मग द्यायची. दोन्ही एकाच वेळी केलं की खाडाखोड होते आणि ‘मी दिलं होतं’ची भांडणं लागतात. शाळा सुटतानाच्या घंटेला देवघेव ठेवू नका. रिक्षावाले काका बाहेर हॉर्न वाजवत असतात आणि कुणी नोंद करत नाही. मधल्या सुट्टीआधीची दहा मिनिटं चांगली.

पेट्या भरण्याआधी छाटणी. ३,४०० हा आकडा कागदावरचा आहे. कपाटं उघडलीत की जुनी पाठ्यपुस्तकं, बाद अभ्यासक्रमांची मार्गदर्शकं आणि एकाच पुस्तकाच्या तीस प्रती निघतील. रोज एकच खण घ्या, तीन ढीग करा: ठेवायची, दुरुस्तीची, काढायची. विज्ञानाच्या पुस्तकात नऊ ग्रह असतील तर ते २००६च्या आधीचं आहे. नकाशात तेलंगण नसेल किंवा महाराष्ट्राचे पस्तीस जिल्हे असतील तर २०१४च्या आधीचा. असे नकाशे काढा, पण एखादा तुलनेसाठी राखून ठेवा, इतिहास-भूगोलाला कामी येतो. शाळेची हस्तलिखितं, वार्षिक अंक, नाशिकबद्दलचं जे काही असेल ते कितीही जीर्ण असलं तरी काढायचं नाही.

काढलेली पुस्तकं परस्पर रद्दीत घालू नका, इथेच चांगल्या शिक्षकांवर ठपके येतात. क्रम असा: दाखल क्रमांकानुसार यादी, प्रत्येकापुढे कारण, मुख्याध्यापक आणि दोन शिक्षकांची समिती, शाळा समितीचा ठराव, दाखल नोंदवहीत त्या त्या ओळीत लाल शाईनं ‘निर्लेखित’ (म्हणजे नोंदीतून कमी केलेलं) आणि ठरावाची तारीख, पुस्तकावर तोच शिक्का, मग विल्हेवाट आणि तिची पावती.

दुरुस्तीच्या ढिगाला सेलोटेप लावू नका. दोन उन्हाळ्यांत ती पिवळी पडते, चिकटा कागदात मुरतो आणि पान तिथेच तुकडे होतं. पातळ कागदाची पट्टी आणि पाण्यात थोडा सैल केलेला पांढरा गोंद पुरतो. वर वजन ठेवून रात्रभर राहू द्या. पावसाळ्यात कपाट भिंतीला टेकलेलं नको, चार बोटं अंतर ठेवा आणि पुस्तकं खणात कोंबू नका. ओल आणि कसर दोन्ही कोंडलेल्या जागी वाढतात.

मांडणीसाठी अकरापैकी पाच-सहा कपाटांची दारं बिजागरीतून काढून टाका, म्हणजे खुले मांडण तयार. पाचवी-सहावीच्या मुलांची पुस्तकं पाच फुटांच्या वर नकोत. चाळीस-पन्नास पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून लावा आणि दर पंधरा दिवसांनी बदला. कणा दाखवून उभं केलेलं अनोळखी पुस्तक मूल सहसा ओढत नाही. वर्गीकरणात फार खोल शिरू नका. ड्यूई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्य ८९१.४६खाली येतं, तेवढा लांब आकडा कण्यावर लिहून मुलांचा काही फायदा नाही. माहितीपर पुस्तकांना तीन आकडे पुरेत: खगोल ५२०, पक्षी ५९८, लोककथा ३९८. कथा-कादंबऱ्यांना ‘क’ आणि लेखकाच्या आडनावाचं पहिलं अक्षर. शिवाय सात-आठ रंगांच्या पट्ट्या. पट्टी कण्याच्या तळापासून एक इंच वर, सगळ्यांना एकाच रेषेत, म्हणजे चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक लांबूनही दिसतं.

संगणकावरची यादी साध्या स्प्रेडशीटमध्ये करा. अडीच-तीन हजार पुस्तकांना मोठी प्रणाली आत्ता नको. रकाने: दाखल क्रमांक, नाव, लेखक, रंग, आकडा, कपाट किंवा पेटी, किंमत. टंकलेखन युनिकोडमध्येच हवं. जुन्या फाँटमध्ये केलेली यादी पडद्यावर मराठी दिसते, पण शोधायला गेलात तर एकही नाव सापडत नाही, आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. नोंद जुन्या वहीवरून नाही, पुस्तक हातात घेऊन शीर्षकपानावरून करायची. नववीच्या मुलांची एक जोडी, एक वाचणार, एक टाइप करणार, तासाला चाळीसेक नोंदी करते. अडीच हजारांना सुमारे त्रेसष्ट तास लागतील; पाच जोड्यांनी वाटून घेतले तर प्रत्येकी तेरा.

सरांना ‘डिजिटल’ हवं आहे, तेही होऊ द्या. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी स्तरानुसार मिळतात आणि छापूनही घेता येतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. या तीन ठिकाणांचे दुवे दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर समोरच ठेवा. फक्त व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ साठवून त्याला डिजिटल लायब्ररी म्हणू नका. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क असतो, आणि शाळेनंच तो मोडला तर मुलांना काय शिकवणार?

आठवड्यातली एक तासिका वेळापत्रकात छापून घ्या. ऑफ तासाला ग्रंथालय म्हणजे ग्रंथालय नाहीच. छापल्यावरही घटक चाचणी जवळ आली की गणिताचे सर पोर्शनसाठी ती मागतील. नम्रपणे नाही म्हणा, मुख्याध्यापक सरांनाही तसं सांगून ठेवा. तासिकेत पहिली पाच मिनिटं परतफेड, मग पाच-सात मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचायचं, मग वीस मिनिटं प्रत्येकानं आपापलं, शेवटी देवघेव. त्या वीस मिनिटांत तुम्हीही वाचा, वह्या तपासू नका. मुलं बघत असतात. सारांश लिहून आणायला सांगू नका. सारांशाच्या भीतीनं मुलं सगळ्यांत बारीक पुस्तक निवडतात. त्याऐवजी पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा, पुढच्या वाचकासाठी एक ओळ.

यात एका गटाकडे आमच्या मते सर्वांत आधी लक्ष द्यायला हवं: ज्यांच्या पानावर महिनाभर एकही नोंद नाही ती मुलं. ती आळशी नसतात. त्यातल्या अनेकांना सातवीत असून जोडाक्षरं अडखळतात आणि वर्गासमोर पातळ पुस्तक उचलायची लाज वाटते. म्हणून पुस्तकांवर ‘इयत्ता दुसरी’ असं कुठेही लिहू नका. मागच्या बाजूला एक, दोन किंवा तीन ठिपके द्या, अर्थ फक्त तुम्हाला आणि ग्रंथमित्रांना माहीत. सोप्या पुस्तकांत प्राणी, क्रिकेट, यंत्रं, कोडी असे विषय घ्या, म्हणजे मोठं मूलही ते बिनधास्त धरतं. त्यांना पाचवीच्या वर्गात जाऊन गोष्ट वाचून दाखवायचं काम द्या: सोपं पुस्तक घ्यायला सन्मानाचं कारण मिळतं आणि तयारीसाठी ते तीनदा वाचून होतं. सातपूर-अंबडकडच्या कामगारांच्या घरांतून येणारी, घरी हिंदी बोलणारी मुलं असतील तर त्यांच्यासाठी एक हिंदीचा खण ठेवा. त्यानं मराठी मागे पडत नाही.

पैशांची वाटणी अशी करता येईल: नवी पुस्तकं १६,००० (सरासरी ऐंशी रुपयांनी दोनशे), झाकणाच्या बारा पेट्या ६,०००, सतरंज्या आणि खुल्या मांडणासाठी ५,०००, पट्ट्या-गोंद-नोंदवह्या ४,०००, मासिकांची वर्गणी ३,०००. उरलेले ६,००० दुसऱ्या सत्रासाठी बाजूला ठेवा, कारण मुलांना काय हवं ते तुम्हाला दिवाळीनंतर कळेल. खरेदीला प्रत्येक वर्गाचे ग्रंथमित्र बरोबर न्या. त्या दिवशी वेळ असेल तर सार्वजनिक वाचनालयही दाखवा; १८४०पासून चालू असलेलं ग्रंथालय आपल्या गावात आहे, हे अनेक मुलांना माहीत नसतं.

मुख्याध्यापक सरांकडे जाताना दोन गोष्टी हातात असू द्या. एक, शिक्षणहक्क कायदा २००९च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय, तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसकट सर्व विषयांची पुस्तकं असावीत असं म्हटलं आहे. तुमचे पाचवी ते आठवीचे वर्ग त्यात येतात. दुसरी, तुमच्या वेळापत्रकातल्या चार तासिका कमी करण्याची लेखी मागणी. त्याविना हे काम दोन महिन्यांत तुम्हाला दमवेल, हे स्पष्ट सांगा. बदल्यात दर महिन्याला एक पान द्या: वर्गवार किती पुस्तकं गेली, किती मुलांनी एकही नेलं नाही, किती तासिका शोधासाठी झाल्या.

आणि ग्रंथालयाच्या किल्लीची दुसरी प्रत करून शिपाईमामांकडे द्या, लेखी नोंद करून. निवडणुकीचं काम, प्रशिक्षण, पेपर तपासणी यांत तुमचे वर्षातले कित्येक दिवस जातात. त्या दिवशी वर्गपेट्या फिरतीलच, पण मधल्या सुट्टीत वर्तमानपत्र चाळायला आलेल्या मुलाला दार उघडं मिळायला हवं.